रमाबाई रानडे : भावना, भाषा आणि सहजीवन

चरित्र वाचताना आपले लक्ष सहसा घटनांकडे असते. जन्म, विवाह, कार्य, मृत्यू असा क्रम मनात धरून आपण पाने उलटतो. या घटकात रमाबाई रानडे यांचे चरित्र आपण निराळ्या दृष्टीने वाचणार आहोत. प्रेम, राग, भय, लज्जा या भावना अगदी खासगी असतात असे आपण मानतो. परंतु त्या कोणत्या शब्दांत व्यक्त करायच्या, कोणासमोर करायच्या आणि कोणासमोर मुळीच करायच्या नाहीत, हे कोणी एकटा माणूस ठरवीत नाही. घर, जात, वय, स्त्री असणे वा पुरुष असणे, आणि आपण बोलतो ती भाषा यांनी त्याचे नियम आपल्या जन्माआधीच घालून ठेवलेले असतात. रमाबाईंनी हे नियम पाळले, काही ठिकाणी वाकवले, आणि पुढे त्या सगळ्या आयुष्याची हकिकत मराठीत लिहून ठेवली. म्हणून भाषेच्या अभ्यासकाला त्यांचे चरित्र विशेष मोलाचे वाटते.

देवराष्ट्रे ते पुणे

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव तेव्हा साताऱ्याकडे मोडत असे. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. (ज्यांचे नाव राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दिलेले आहे, ते यशवंतराव चव्हाणही याच गावचे.) माहेरी त्यांचे नाव यमुना होते. मुलीने अक्षर गिरवले तर तिच्या नशिबी वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी अनेक घरांत होती, आणि अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला लिहिता-वाचता येत नव्हते.

डिसेंबर १८७३ मध्ये तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वर एकतीस वर्षांचा, पुण्यात न्यायाधीश, प्रार्थना समाजाचा पुढारी, विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कर्ता. त्यांच्या पहिल्या पत्नी सखुबाई त्याच वर्षी निवर्तल्या होत्या. मुलगा आता एखाद्या विधवेशी विवाह करील या धास्तीने वडिलांनी घाईने ही सोयरीक ठरवली. सुधारक मित्रांच्या सल्ल्याचा परिणाम होऊ नये म्हणून मुलाला येणारी पत्रेही ते आधी स्वतःच्या ताब्यात घेत. ऐकले नाही तर संबंध तोडून निघून जाण्याची भाषा झाली, तेव्हा रानडे नमले. विवाहाच्या दिवशी विधी आटोपून घरी परतल्यावर ते आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसले, अशी आठवण रमाबाईंनी नोंदवली आहे.

येथे क्षणभर थांबा. या विवाहात दोन माणसांच्या भावना दाबल्या गेल्या. एका विद्वान पुरुषाला स्वतःच्या मताविरुद्ध वागावे लागल्याची खंत होती. ती त्याने बंद दाराआड ठेवली, कारण वडिलांसमोर राग बोलून दाखवणे हे मुलाच्या मर्यादेत बसत नव्हते. दुसरे माणूस अकरा वर्षांचे होते. त्या मुलीला त्या दिवशी काय वाटले हे विचारण्याची रीत नव्हती, आणि विचारले असते तरी उत्तर देण्याची रीत तिला कोणी शिकवली नव्हती. रानड्यांच्या वागण्याला त्यांच्या हयातीत सुधारकांनी नावे ठेवली आणि पुढेही ठेवली गेली. ती टीका मला योग्य वाटते. मात्र तिच्यात वधूचा उल्लेख क्वचितच येतो, ही गोष्ट तुम्ही नोंदवून ठेवावी.

सासरी पाठवताना वडिलांनी मुलीला एक उपदेश केला. सासरच्या माणसांनी कितीही त्रास दिला तरी सोसायचे, उलट उत्तर द्यायचे नाही, आणि घरातल्या कोणाबद्दलही नवऱ्याजवळ चहाडी करायची नाही. हा उपदेश भावनांविषयीचा आहे. दुःख होऊ नये असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. दुःख झाले तर ते कोठे ठेवायचे, एवढेच त्यात सांगितले आहे.

पहिली संध्याकाळ

सासरी आल्यानंतरचा पहिला प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलीला पोहोचवून वडील परत गेले. रानड्यांनी तिला वर आपल्या खोलीत बोलावले. तुझा विवाह माझ्याशी झाला आहे, पण मी कोण आणि माझे नाव काय हे तुला माहीत आहे का, असे त्यांनी तिला विचारले. तिने ऐकलेले नाव सांगितले. मग त्यांनी माहेरची चौकशी केली, लिहिता-वाचता येते का हे विचारले, आणि त्याच रात्री पाटी-पेन्सिल घेऊन मुळाक्षरांना सुरुवात केली.

आजच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. त्यामागची रीत लक्षात घेतली म्हणजे प्रसंगाचे वजन कळते. पत्नीने पतीचे नाव घ्यायचे नाही हा नियम होता. नाव घ्यायचे ते केवळ समारंभात, चारचौघींच्या आग्रहाने आणि उखाण्याच्या पडद्याआडून. म्हणजे नाव उच्चारण्याचा आनंदही कवितेच्या आणि विनोदाच्या आवरणात ठेवलेला होता. दुसरीकडे पतीला पत्नीचे नाव बदलण्याचा अधिकार होता. तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले की यमुनेची रमा होत असे. अशा व्यवस्थेत एकतीस वर्षांचा पती अकरा वर्षांच्या पत्नीला स्वतःचे नाव उच्चारायला लावतो. ही बरोबरी नव्हे, कारण प्रश्न विचारणारा तोच आणि परीक्षाही त्याचीच. तरीही रीत किंचित सैल झाली, आणि त्याच खोलीत, त्याच घटकेला, अक्षरांचा शिरकाव झाला.

या दांपत्याच्या नात्याचा साचा त्या संध्याकाळी ठरला असे म्हणता येईल. त्यांच्या संसारात प्रेमाने शिकवण्याचे आणि शिकण्याचे रूप घेतले. सुरुवातीला मराठी, पुढे इंग्रजी, वृत्तपत्रांचे वाचन, घरखर्चाचा हिशेब, आणि रानड्यांची दृष्टी अधू झाल्यावर त्यांच्यासाठी मोठ्याने वाचणे, अशी ही साखळी वाढत गेली. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्यास होते. तेथे त्यांनी बंगाली शिकायला घेतले, दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याकडून अडलेले शब्द समजून घेतले, आणि मग ती भाषा पत्नीला शिकवू लागले. न्हाव्याकडून धडे घेणे रमाबाईंना प्रथम कमीपणाचे वाटले होते. आज एखादा नवरा बायकोसाठी फुले आणतो. या गृहस्थाने बंगाली वर्णमाला आणली. तिच्यातली माया ओळखायची तर त्या घरातील चालीरीती ठाऊक असाव्या लागतात.

या रूपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुरूला शिष्याचे चुकते. शिष्याला गुरूचे चुकत नाही. रानडे नाराज झाले की बोलत नसत. रात्री त्यांच्या पायांना तूप चोळण्याचे काम रमाबाईंकडे असे. अबोल्याच्या रात्री ते काम चालू राही आणि पलीकडून शब्द येत नसे. रागावून बोललेले परवडले, हा अबोला परवडत नाही, अशी त्यांची अवस्था होई. शेवटी क्षमा मागायची ती त्यांनीच. मौन हीसुद्धा भाषा आहे, आणि ती दोघांना सारख्या अधिकाराने वापरता येत नाही. पतीचे मौन ही शिक्षा होती, तर पत्नीचे मौन हे कर्तव्य मानले जाई.

‘स्वतः’ हे सर्वनाम

रमाबाईंचे पुस्तक ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. तुम्ही ते वाचायला घेतलेत की पहिल्या काही पानांतच एक शब्द तुम्हाला अडवील. लेखिका पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा करते. स्वतः आले, स्वतः बसले, अशा प्रकारच्या रचना पुस्तकभर आढळतात.

व्याकरणात ‘स्वतः’ हे आत्मवाचक सर्वनाम आहे. त्याला वाक्यात एक पूर्वपद लागते. ते कर्त्याकडे बोट दाखवते. रमाबाईंच्या लेखनात पूर्वपद दिलेले नसते. ते द्यावे लागत नाही, कारण वाचणाऱ्याला ते कळणारच असे गृहीत धरलेले आहे. काही टीकाकारांना यात स्त्रीने स्वत्व पुसून टाकल्याचे दिसते: ‘स्व’ची जागाच नवऱ्याला दिली! काहींना यात अद्वैत दिसते. मला दोन्ही अर्थ जरा घाईचे वाटतात. आपल्या भाषांचा इतिहास पाहा. मराठीतील आदरार्थी ‘आपण’ आणि हिंदीतील ‘आप’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आले आहेत, म्हणजे मुळात तेही आत्मवाचकच. ज्याला थेट संबोधणे धाडसाचे वाटते त्याच्याकडे वळसा घालून जाण्यासाठी भाषा आत्मवाचक शब्दाला आदरार्थी करते. ‘स्वतः’ त्याच वाटेवरचा प्रवासी आहे. आयर्लंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत घरच्या धन्याचा उल्लेख याच अर्थाच्या शब्दाने करण्याची पद्धत होती. जपानी पत्नी पतीला ‘आनाता’ म्हणते. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पलीकडे’, ‘त्या दिशेला’ असा आहे.

दिशेची ही युक्ती आपल्याकडेही होती. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी मराठी नाटके किंवा कादंबऱ्या वाचल्या असतील त्यांना ‘इकडून’, ‘तिकडे’, ‘स्वारी’ हे शब्द ओळखीचे असतील. पत्नी पतीला तुम्ही आलात का असे विचारीत नसे. येणे झाले का, असे विचारीत असे. या रचनेकडे बारकाईने पाहा. क्रियापदाचे नाम केले, ‘होणे’ हे कर्तृत्वशून्य क्रियापद जोडले, आणि कर्ता वाक्यातून अदृश्य केला. नाव नको, सर्वनाम नको, पुरुषवाचक प्रत्ययही नको. एका माणसाशी रोज बोलायचे, पण त्याला वाक्यात आणायचे नाही, अशी ही कसरत होती. पुरुषही उलट दिशेने काही कसरती करीत. पत्नीचा उल्लेख ते ‘कुटुंब’ किंवा ‘आमची मंडळी’ असा करीत. समोरासमोर मात्र त्यांना ‘तू’ उपलब्ध होते.

रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. सर्वनामांची निवड सत्ता आणि जवळीक या दोन तत्त्वांवर चालते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जेथे एक जण ‘तू’ म्हणतो आणि दुसरा ‘तुम्ही’, तेथे सत्ता बोलते. जेथे दोघेही सारखेच म्हणतात, तेथे जवळीक किंवा परकेपणा बोलतो. मराठी घरांचा अनुभव हा सिद्धान्त बराचसा खरा ठरवतो, पण पुरता नाही. आपल्याकडे ‘अहो’ या एका शब्दात सत्ता मान्य करणे आणि लाडाने हाक मारणे ही दोन्ही कामे होतात. फरक स्वरात असतो. साकीनाक्याला घेतलेल्या एका संपर्कसत्रात मी विद्यार्थिनींना त्यांच्या भ्रमणध्वनीत नवऱ्याचा क्रमांक कोणत्या नावाने साठवला आहे, असे विचारले होते. कोणाकडे मुलाच्या नावाला जोडून ‘पप्पा’ होते, कोणाकडे इंग्रजी अक्षरांत टोपणनाव, आणि कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईंकडे नुसते ‘अहो’. संबोधनाचेच विशेषनाम झाले होते. त्या हसत होत्या, आणि त्या हसण्यात ओशाळलेपणा मुळीच नव्हता.

याच पुस्तकाच्या शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्दही दुर्लक्षू नका. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. रमाबाईंनी ‘माझ्या’ म्हटले नाही, ‘त्यांच्या’ही म्हटले नाही. ‘आमच्या’ म्हणून त्यांनी आयुष्याची मालकी दोघांची ठरवली आणि वाचकाला उंबऱ्याबाहेर बसवून ते आयुष्य दाखवले. पतीचे नाव घेण्याची मुभा नसलेल्या स्त्रीने ‘आम्ही’वर हक्क सांगितला. चरित्रकार म्हणून नम्रपणे बाजूला उभी राहिलेली दिसणारी ही लेखिका शीर्षकातच भागीदार होऊन बसली आहे.

माडी आणि माजघर

भावना व्यक्त करण्याचे नियम जागेनुसारही बदलतात. पुण्यातल्या रानड्यांच्या घरात दोन जगे होती. माडीवर पुस्तके, पाहुणे, चर्चा आणि इंग्रजीचा धडा. खाली माजघरात सावत्र सासू, विधवा नणंद, इतर नातेवाईक बायका, सोवळे-ओवळे आणि टोमणे. रमाबाईंना दिवसातून अनेकदा हा जिना चढावा-उतरावा लागे. वर त्या हुशार विद्यार्थिनी होत्या आणि खाली पायरी सोडून वागणारी सून. वर वाचलेले खाली बोलायचे नाही, आणि वडिलांच्या उपदेशाप्रमाणे खाली ऐकलेले वर सांगायचे नाही.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाई रानडे सभांना जाऊ लागल्या तशी माजघरातली बोलणी वाढली. कळस झाला तो एका जाहीर सभेमुळे. पुण्यात मुलींसाठी माध्यमिक शाळा काढण्याची खटपट चालू होती. १८८४ मध्ये ती शाळा निघाली, हीच पुढे हुजूरपागा म्हणून ओळखली गेली. त्या खटपटीच्या काळात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवले. घरी आल्यावर त्यांना काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पुरुषांच्या सभेत, साहेबासमोर, साहेबाच्या भाषेत सुनेने तोंड उघडले होते. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. रानड्यांनीही घरातल्या स्त्रियांना जाब विचारला नाही. पत्नीला ते धीर देत आणि सोसायला सांगत.

माजघरातल्या स्त्रियांना खलनायिका ठरवून मोकळे होणे सोपे आहे. दूरदर्शन मालिकांना ते सोयीचेही असते. तुम्ही मात्र एवढे पाहा की, तारुण्यात विधवा होऊन भावाच्या घरी आयुष्य काढणाऱ्या नणंदेला तिचे दुःख बोलायला कोणती भाषा उपलब्ध होती? रडणे काही दिवस चालते. प्रेम, इच्छा, मत्सर यांचा उच्चार तिला वर्ज्य होता. शिस्त लावणे, नावे ठेवणे, सोवळे सांभाळणे हाच एक अधिकाराचा स्वर समाजाने तिच्या हाती ठेवला होता, आणि तोच तिने वापरला. सुनेला शिकवणारा पती मिळाला. बहिणीला शिकवणारे कोणी मिळाले नव्हते. टोमण्यातही हेवा, भय आणि एकाकीपण एकत्र दडलेले असते. संस्कृती भावनेला दाबून टाकते असे सरसकट म्हणण्यापेक्षा, ती भावनेला कोणते वेष उपलब्ध करून देते हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

जिना नसलेल्या घरात हे कसे चालते? साकीनाक्याच्या वस्त्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. एका खोलीत सासू-सासरे, नवरा-बायको आणि मुले, भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा दूरचित्रवाणी संच. तेथे राग भांड्यांच्या आवाजातून कळतो आणि समेट चहाच्या कपातून. बोलायचेच असेल तर लोक घाटकोपरपर्यंत मेट्रोने जाऊन येतात. माडी-माजघराची फाळणी जागेअभावी वेळेत होते, आणि आता बरीचशी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. रमाबाईंच्या घरात जागा भरपूर होती. त्या जागेच्या वाटण्या मात्र ठरलेल्या होत्या.

मतभेदाचे व्याकरण

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहाला गेली. ती बातमी फुटली आणि ग्रामण्य उभे राहिले. १८९२ मध्ये रानड्यांनी मित्रांच्या अडचणीखातर प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना तो निर्णय रुचला नव्हता, हे त्यांच्या आठवणींतून कळते. तो त्यांनी सांगितला आहे त्यांच्याच पद्धतीने: आधी स्वतःची व्यथा, आणि लगेच पुढे पतीच्या शहाणपणावरचा विश्वास. अशा वाक्यरचनेत दुसरे वाक्य पहिल्याला खोडून टाकते असे आपण समजतो. मला तसे वाटत नाही. पहिले वाक्य लिहिलेले आहे, छापलेले आहे, आणि आज आपण ते वाचत आहोत. दुसऱ्या वाक्याची किंमत मोजून त्यांनी पहिले वाक्य बोलण्याचा परवाना मिळवला.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि संसार मुंबईस आला. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाईंच्या वयाला एकोणचाळीस वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते.

१९०१ नंतर

पतिनिधनानंतर त्या पुण्यास गेल्या आणि सुमारे वर्षभर लोकांत मिसळल्या नाहीत. विधवेने शोक किती, कसा आणि कोठे करायचा याचेही नियम होतेच. पण नंतर जे घडले ते त्या नियमांत बसणारे नव्हते. त्यांनी तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटायला सुरुवात केली. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तेथे गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे सहकारी होते.

सेवासदनाचा इतिहास या घटकाच्या कक्षेबाहेरचा आहे. एका कामाचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. या संस्थेने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिक्षिकेबरोबरच परिचारिकेच्या कामाचेही शिक्षण मिळावे अशी सोय केली, आणि त्यासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयाचे साहाय्य घेतले. यातली अडचण केवळ सोवळ्याची नव्हती. परक्या पुरुषाला स्पर्श करायचा, त्याची विचारपूस करायची, वेदनेने ओरडणाऱ्याला धीर द्यायचा, म्हणजे आपुलकी व्यक्त करायची, आणि तीही नाते नसताना. तोपर्यंत या स्त्रियांना जिव्हाळा दाखवण्याचे सगळे शब्द नात्यांतून मिळालेले होते: आई, बहीण, वहिनी, सून. आता पगारी, प्रशिक्षित, नात्याबाहेरच्या मायेसाठी नवी भाषा घडवावी लागणार होती. ‘सेवा’ या जुन्या, धार्मिक शब्दाने ते काम सोपे केले. नव्या भावनिक व्यवहाराला जुना शब्द मिळाला की समाज त्याला लवकर दार उघडतो. रमाबाईंना हे बरोबर कळले होते. त्याचा तोटाही झाला, तो असा की ‘सेवा’ म्हटल्यावर मोबदल्याची चर्चा संकोचाची होते. आजही परिचारिका वेतनवाढ मागतात तेव्हा त्यांना सेवाभावाची आठवण करून दिली जाते.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पुण्यातल्या स्त्रियांना संघटित केले. सभा, मोर्चा, निवेदन ही साधने चाळीस वर्षांपूर्वी माजघराने ज्यासाठी त्यांना बोल लावले होते तीच होती. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

इतर स्वर

एकाच काळात, एकाच भाषेत सगळ्या स्त्रिया सारख्याच बोलत होत्या असा समज होऊ देऊ नका. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात संताप उघड, सडेतोड आणि उपरोधिक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा येतो, आणि त्यांच्या लहरींवर लेखिका मोकळेपणाने हसते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या वयात फार अंतर नाही. अंतर आहे ते घरांत आणि अनुभवांत. लक्ष्मीबाईंच्या संसाराने धर्मांतर, ताटातूट आणि पुनर्मीलन पाहिले होते. तेथे जुने संबोधन टिकणे कठीणच होते. आणि ज्यांनी पुस्तके लिहिली नाहीत त्या जात्यावर ओव्या गात होत्या. ओव्यांत भावाची आणि माहेराची माया जितकी भरभरून येते तितकी नवऱ्याची येत नाही. आली तर अहेवपणाच्या, कुंकवाच्या आडोशाने येते. ताराबाईंचा संताप, लक्ष्मीबाईंचे हसू आणि ओवीचा आडोसा यांच्या शेजारी ठेवून ‘स्वतः’ हा शब्द पुन्हा वाचावा, म्हणजे तो काळाचा एकमेव नियम नसून एका घराची निवड होती हे ध्यानात येईल.

रमाबाईंच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद कॅथरिन व्हॅन एकिन गेट्स यांनी केला आणि तो १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. इंग्रजीत पतीचे नाव घेण्यास कोणतीच अडचण नव्हती. तरीही अनुवादिकेने ‘स्वतः’ला पर्याय शोधला आणि तोच शब्द मुखपृष्ठावर घातला. पुस्तकाचे शीर्षक झाले ‘हिमसेल्फ’, आणि त्याखाली उपशीर्षक आले ते हे एका हिंदू स्त्रीचे आत्मचरित्र असल्याचे सांगणारे. मराठी शीर्षकातला ‘आमच्या’ त्या अनुवादात कोठेच पोहोचला नाही. इंग्रजीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद ठाऊकही नाही.